तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर अक्षरं इतकी बारीक का?

"लिनक्स टाकलं, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात. फॉन्ट १० चा १४ करू का?"

आधी ते नको. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, आणि तो किती पिक्सेलांत बसवायचा हे डीपीआयवर, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल यावर, ठरतं. लिनक्सवर स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम, एक्स सर्व्हर, मुकाट्याने ९६ धरतो. १४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलांच्या लॅपटॉपचा खरा आकडा १५७ च्या आसपास असतो. मग १० पॉइंटांचं अक्षर २२ ऐवजी १३ पिक्सेलांत कोंबलं जातं. वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं एकात एक.

टर्मिनलमध्ये एक्सडीपीवायइन्फो (xdpyinfo) ही आज्ञा चालवा. स्क्रीनची रुंदी ५०८ मिलिमीटर सांगेल. अर्धा मीटर रुंद लॅपटॉप! ९६ धरून उलटा काढलेला हिशेब आहे तो. एक्सरँडर (xrandr) ही आज्ञा मात्र ३०९ बाय १७४ सांगते, कारण ती स्क्रीनच्या पॅनेललाच विचारते. तरी फूटपट्टी लावून बघाच: काही टीव्ही बेधडक १६० बाय ९० मिलिमीटर सांगतात. ते माप नव्हे, १६:९ हे गुणोत्तर. आडवे पिक्सेल भागिले रुंदीचे मिलिमीटर, गुणिले २५.४, की आला डीपीआय.

आलेला १५७ जसाच्या तसा घालू नये. लॅपटॉप डोळ्यांजवळ असतो, त्यामुळे १४४ भागतो. शिवाय तो ९६ च्या नेमका दीडपट, म्हणजे १६ पिक्सेलांचं चिन्ह बरोबर २४ चं होतं.

साध्या विंडो मॅनेजरवर (पूर्ण डेस्कटॉप नाही, नुसता खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) .एक्सरिसोर्सेस (.Xresources) फाइलमध्ये एक्सएफटी.डीपीआय १४४ (Xft.dpi: 144) लिहा, एक्सआरडीबी (xrdb) या आज्ञेने मर्ज करा आणि लॉगआउट करून परत या. उघडे प्रोग्रॅम जुनाच आकडा धरून बसतात. डेस्कटॉपचा स्वतःचा सेटिंग्ज डेमन (मागे चालत राहून सेटिंग्ज पुरवणारा प्रोग्रॅम) असेल तर जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर बनवलेले प्रोग्रॅम त्याचंच ऐकतात. म्हणून एक्सएफसीई या डेस्कटॉपवर अपिअरन्समधला कस्टम डीपीआय बदला, ग्नोम डेस्कटॉपवर ट्वीक्स या ॲपमधला फॉन्टचा स्केलिंग फॅक्टर १.५ करा. एकाच ठिकाणी बदला, बहुतेक घोळ इथेच होतो. डीपीआय १९२ आणि वर जीडीके_स्केल (GDK_SCALE, जीटीकेचं सगळंच मोठं करणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) २ ठेवलं, की जीटीकेत अक्षरं चौपट. तेव्हा फक्त अक्षरं लहान करायला जीडीके_डीपीआय_स्केल (GDK_DPI_SCALE) ०.५ द्यावं लागतं.

दोन वेगळ्या घनतेचे मॉनिटर असतील तर एक्सशी झुंजू नका, तिथे सगळ्यांना मिळून आकडा एकच. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र स्केल देता येतं. जुने एक्स प्रोग्रॅम तिथे धूसर दिसले, तर केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर त्यांना स्वतःच स्केल होऊ देण्याचा पर्याय आहे.