काळी पाचवरून पांढरी पाच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी काहीतरी लिहा' असं पत्र आलं, आणि शाळेविषयी म्हणजे बाईंविषयीच लिहायचं हे तिथल्या तिथे ठरलं. इमारत निधी, दहावीचे निकाल, क्रीडा महोत्सव यांवर लिहिणारे बरेच असतील. संगीताच्या बाईंना आठवड्याला दोन तास मिळायचे, त्यातला एक परीक्षा जवळ आली की गणिताकडे जायचा. उरलेल्या एका तासात त्यांनी जे दिलं, त्यावर आज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांमध्ये साउंडच्या टेबलामागे बसून माझं घर चालतं.

माझ्या बॅचला वेगळं सांगायला नको, पण पुढच्या मुलांसाठी लिहितो. 2008-09 हे झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं वर्ष. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, निवेदनाला पल्लवी जोशी. आदल्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी वर्गात चघळला जायचा आणि प्रत्येकाचा उमेदवार ठरलेला असायचा. बाई तो वाद दोन मिनिटं चालू द्यायच्या आणि मग विचारायच्या, "कोण जिंकेल ते राहू द्या. पट्टी कुठली होती?" पट्टी म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरला ते; पाचव्या काळ्या पट्टीवर असेल तर काळी पाच. वर्ग गप्प. मग मुखडा गुणगुणत पेटीवर षड्ज, म्हणजे 'सा', शोधायचा, त्यातून गाण्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर काढायचा. फळ्यावर तीन पट्ट्या लिहून झाल्या की तास संपायचा.

फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी जिंकली. त्या निकालावरून घराघरांत वाद झाले, आमच्याकडे तर झालेच. माझं मत आज पक्कं आहे. तिच्या घरात वारकरी गाणं होतं, वडील स्वतः संगीतातले. अभंग आणि गवळण ज्या गळ्याला माइकशिवाय, मोकळ्या जागेत म्हणायची सवय असते, त्याचा 'आ' उघडा राहतो, शब्दाची सुरुवात स्पष्ट पडते आणि श्वास चरण संपल्यावरच घेतला जातो. घरच्या टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, जवळपास येतच नाही. साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ज्या आवाजाला धार असते, तोच स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीला पुरून उरतो. मऊ, कमावलेला, बारीक हरकतींचा आवाज स्टुडिओत सुंदर वाटतो, पण त्यातलं निम्मं घरी पोचत नाही. ज्या फेऱ्यांत प्रेक्षकांची मतं मोजली जातात, तिथे हा फरक उघड दिसतो.

आता पट्टीकडे येतो, कारण या स्पर्धांत सर्वाधिक मुलं तिथेच पडतात. मुखडा सोपा जातो म्हणून पट्टी धरतात आणि अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात, तारसप्तकातल्या वरच्या सुरांवर गेल्यावर आवाज फाटतो. बाईंची रीत उलटी होती. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर घ्यायचा, तो 'आ'वर म्हणून बघायचा आणि 'ई'वरही, कारण 'ई'वर गळा आधी आवळतो. आवाज जिथे फाटतो त्याच्या एक सूर खाली तो वरचा सूर बसला पाहिजे, आणि त्यावरून षड्ज ठरवायचा. चित्रीकरणासाठी यात मी अर्धा सूर आणखी खाली घ्यायला सांगतो. सकाळी तालमीत लागलेला सूर दिवसभर एसीत बसून, गप्पा मारून, थंड पाणी पिऊन रात्री त्याच जागी राहत नाही. पालकांना मात्र पट्टी उतरवणं कमीपणाचं वाटतं. परीक्षक काळी चार की काळी पाच हे मोजत बसत नाहीत, त्यांना फाटलेला सूर तेवढा ऐकू येतो.

दुसरी अडचण गाण्याच्या कापाकापीची. मूळ गाणं पाच मिनिटांचं असलं तरी मंचावर दोन-अडीच मिनिटंच मिळतात. मुखडा, एक अंतरा, सुरुवातीचं संगीत छाटलेलं. मुलाने मूळ ध्वनिमुद्रण ऐकून पाठ केलेलं असतं, म्हणून मधलं संगीत तालाच्या आठ आवर्तनांवरून (फेऱ्यांवरून) दोनवर आणलं की तो उशिरा गायला लागतो. केरवा तालाच्या आठ मात्रा बोटांवर मोजायला लावणं हाच उपाय. बाई ते प्रार्थनेतसुद्धा करून घ्यायच्या, त्याचा तेव्हा फार कंटाळा यायचा.

माइकची जाळी मुठीत धरू नये. तसं केलं की माइक चहूबाजूंचा आवाज घेतो आणि शिट्टी वाजते. दांडा धरावा, तोंडापासून दोन-तीन बोटं अंतर ठेवावं, तारषड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हात थोडा मागे न्यावा आणि खालच्या सुरांना परत जवळ आणावा. कानातल्या मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा ठेवला तर मूल दबून गातं आणि सूर खाली सरकतो. फार लहान ठेवला तर ते ओरडतं. हे तालमीतच सांगायचं असतं, मंचावर गेल्यावर इलाज नाही.

बाईंची आठवण काढली की मला आंतरशालेय समूहगीताचा तो दिवस हमखास आठवतो. गाणं काळी पाचमध्ये बसवलेलं. सकाळी कळलं की मुख्य गाणारीला पडसं झालंय आणि वरचा पंचम, म्हणजे 'प', लागत नाही. बाईंनी पेटीवर दोन-तीन सूर दाबले आणि सांगितलं, "पांढरी पाच." दीड सूर खाली. पेटीला काहीच फरक पडत नाही, बोटं सरकवली की झालं. तबल्याचं तसं नसतं. तो काळी पाचला लावलेला होता आणि दुसरा आणलेला नव्हता. तबलजी तो उतरवायला हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीवर, खालून ठोकायला लागला. दीड सूर उतरवला असता तर वाद्या, म्हणजे ताण देणारे चामड्याचे पट्टे, ढिल्या पडून काठावरची चाट बसली असती, आणि तसाच ठेवला असता तर पांढरी पाचमध्ये तो 'सा'ऐवजी कोमल गंधारावर, म्हणजे कोमल 'ग'वर, बोलत राहिला असता. बाई म्हणाल्या, "उतरवू नकोस, चढव. मध्यमात लाव." म्हणजे नव्या पट्टीच्या 'म'वर: काळी पाचवरून पांढरी एकवर, फक्त एक सूर वर. पंचमापर्यंत नेता आला असता, पण दोन सूर एका दमात चढवले तर पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, फाटण्याची भीती. गजऱ्यावर वरून सगळीकडे सारखे ठोके, दोन वाद्यांमधल्या एकाच घरावर जोर नाही, मग वाद्यांखालचे लाकडी गट्टे थोडे खाली. दहा मिनिटांत तबला लागला. राहिली गाण्यातली खालच्या पंचमाची ओळ. ती बारीक आवाजाच्या मुलींना जमेना, म्हणून बाईंनी ती मागच्या रांगेतल्या दोन जाड आवाजाच्या मुलींना दिली. नंबर कितवा आला हे बहुतेकांना आठवतसुद्धा नसेल.

आज चॅनेलच्या तालमीत नेमका हाच प्रसंग येतो. कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलते. बासरीवाला दुसरी बासरी काढतो, गिटारवाला तारा दाबणारी चिमटी, म्हणजे कॅपो, सरकवतो, तबलजी दुसरा तबला पुढे ओढतो. पण साथीचा काही भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला असेल तर तो एक-दोन सुरांपलीकडे ओढता येत नाही, वाद्यांचा आवाज खोटा होतो. म्हणून पट्टी शेवटच्या दिवशी बदलायला कुणी तयार नसतं, आणि मूल फाटक्या आवाजात तसंच उभं राहतं.

मुलग्यांच्या आवाजाबद्दलही बाई कडक होत्या. बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि मधले काही महिने तो कुठे जाईल सांगता येत नाही. त्या काळात बाई मुलाला एकट्याने गाऊ द्यायच्या नाहीत, त्याला तबल्यावर किंवा पेटीवर बसवायच्या. मुलं रुसायची, पालक भांडायला यायचे. बालस्पर्धेत नाव झालेल्या मुलापुढे हा काळ कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेऊन येतो आणि जोर लावून गाण्यात गळा बिघडतो. लिटिल चॅम्प्सच्या पाचांनी नाव झाल्यानंतरचा काळ निभावला, याचं मला स्पर्धेतल्या यशापेक्षा जास्त कौतुक आहे. रोहित 2020 मध्ये 'इंडियन आयडल'चा उपविजेता झाला, आर्या 2017 मध्ये मराठी चित्रपटात नायिका म्हणून दिसली, आणि 2021 मध्ये पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले. हिंगणघाटच्या वैशाली माडेचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठी 'सारेगमप'नंतर तिने हिंदीही जिंकलं, आणि 'बाजीराव मस्तानी' चित्रपटातल्या 'पिंगा'मध्ये श्रेया घोषालबरोबर तिचा आवाज आला तो 2015 साली. करंडक आणि ते गाणं यांच्यात काही वर्षं गेली, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

आताच्या पालकांसाठी एक कायद्याची बाब. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात. सही करण्याआधी हे विचारायला लाजू नये.

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा प्रार्थना स्पीकरवर लागली होती. ध्वनिमुद्रित, कुणा व्यावसायिक गायिकेच्या पट्टीत, पाचवी-सहावीच्या मुलांना ती झेपत नाही. मुलं ओठ हलवतात. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली कार्यालयात. मी ती काढून बघितली. भात्याच्या घड्या दोन ठिकाणी फाटल्यात, पांढरी चार दमट हवेने फुगून दाबली की वर येत नाही, आणि मधल्या सप्तकातले तीन सूर चढलेत. काहीही टाकून द्यायची गरज नाही. आधी भाता बदलायचा, मग पट्ट्या घासून मोकळ्या करायच्या, सूर शेवटी. सुराच्या पितळी पत्तीच्या टोकाला घासलं की तो चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हे काम जाणकारानेच करावं, घरच्या घरी कानशीच्या फंदात पडू नये. समारंभाला वाद्यवृंद बोलावण्याचा समितीचा विचार आहे असं ऐकलं. बोलवा, पण त्याआधी पेटी दुरुस्तीला द्या. चांगल्या कारागिराकडे दोन-तीन आठवडे सहज जातात, म्हणून आताच द्यायला हवी. नेण्या-आणण्याचं आणि खर्चाचं मी बघतो.