डिफायंट संपलं

काल रात्री पावणेदोनला डिफायंट संपवलं आणि मग झोपच लागेना, म्हणून लिहायला बसलेय. ब्रँडन सँडरसनच्या स्कायवर्ड या सायन्स फिक्शन सिरीजचं हे चौथं आणि शेवटचं पुस्तक. २०२३ च्या नोव्हेंबरमधे आलं पण मी मुद्दाम पुढे ढकलत राहिले, कारण त्यातल्या नायिकेला, स्पेन्साला, सोडायचंच नव्हतं मला. आधीच्या भागांचे स्पॉयलर आहेत खाली, शेवट मात्र सांगणार नाहीये.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेट्रिटस नावाच्या ग्रहावर माणसं जमिनीखाली गुहांमधे राहतात, वरून क्रेल नावाचे परग्रहवासी हल्ले करतात, स्पेन्साला पायलट व्हायचंय, पण तिचे बाबा ऐन लढाईत पळाले असा शिक्का बसलाय त्यामुळे सगळ्यांसाठी ती भित्र्याची पोरगी. उंदीर मारायचे, त्यांचं मटण विकायचं आणि घर चालवायचं. आणि घरात तिची आजी, ग्रॅन-ग्रॅन, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, ती हिला जुन्या पृथ्वीवरच्या योद्ध्यांच्या गोष्टी सांगत बसते. माझी आजी भाकऱ्या थापता थापता बाजीप्रभूंची गोष्ट सांगायची, आणि महाराज गडावर पोचून तोफा उडाल्या की तिचा हात परातीतच थांबायचा, तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल. त्यामुळे पहिल्या भागात स्पेन्सा भेटेल त्याला रक्तपाताच्या लंब्याचवड्या धमक्या द्यायची तेव्हा मला ती लगेच आपली वाटली, गोष्टींवर वाढलेली मुलगी अशीच बोलणार.

डिफायंटमधे ती तशी राहिलेली नाही, आणि मला हे पुस्तक आवडलं ते त्यासाठीच. ती नोव्हेअरमधून, म्हणजे आपल्या विश्वापलीकडच्या जगातून, परत आलीय, तिच्या आत्म्याला एक डेल्व्हर (तिथला एक महाशक्तिशाली जीव) जोडला गेलाय, मनावर ताण आला की आजूबाजूच्या वस्तू आपोआप इकडच्या तिकडे होतात आणि तिच्या हातात काही नसतं. माणसं मेलेली बघितलीयत तिने. तिच्या तुकडीतली पायलट हर्ल गेली तेव्हापासूनच गोष्टीतलं युद्ध आणि खरं युद्ध यातली फट दिसायला लागली होती, इथे ती पूर्ण उघडी पडते. आपल्याच मित्रांना आपल्यामुळे काही होईल या भीतीने ती त्यांच्यापासून लांब पळते, आणि ज्या मुलीला आयुष्यभर पळपुट्याची मुलगी म्हणून हिणवलं तिचं हे पळणं वाचताना घशात आवंढा येतो.

जॉर्गनचं, म्हणजे तिच्या कमांडर असलेल्या प्रियकराचं, पण तसंच. प्रेम एकीकडे आणि कमांड दुसरीकडे, आणि जिच्यावर प्रेम तीच ऑर्डर ऐकत नाही, बिचाऱ्याने करायचं काय.

एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे. मधल्या तीन नॉव्हेला, सनरीच, रीडॉन आणि एव्हरशोर (जॅन्सी पॅटरसनबरोबर लिहिलेल्या), वाचल्या नसतील तर इथे काही कळणार नाही. जॉर्गनचे आईबाबा कसे गेले, त्याच्यावर एवढी जबाबदारी कुठून आली, परग्रहावरची पायलट अलानिक आणि किटसेन (कोल्ह्यासारखे चिमुकले परग्रहवासी) यांच्याशी युती कशी झाली, सगळं तिथे घडून गेलंय. मी तिसरा भाग, सायटॉनिक, संपवून थेट हे उघडलं होतं, साठेक पानांनंतर बंद केलं, तिन्ही वाचल्या आणि परत पहिल्या पानापासून सुरू केलं. तुम्ही ही चूक करू नका, मेन सिरीज म्हणून चारच पुस्तकं मोजली जातात पण खरी सात आहेत.

शेवटाकडे थोडी घाईही झालीय. एवढी मोठी सुपिरिऑरिटी, माणसांना कोंडून ठेवणारी परग्रहवासीयांची सत्ता, शेकडो पानं जिची दहशत, तिच्यासाठी अजून जागा हवी होती. पण स्लग्जचं, म्हणजे क्षणात कुठेही पोचू शकणाऱ्या गोगलगाईसारख्या प्राण्यांचं, जे केलंय ते फार सुंदर. ज्यांना डब्यात कोंडून यानांचं हायपरड्राइव्ह (क्षणात दूर नेणारं यंत्र) म्हणून वापरलं त्यांना कोणीतरी विचारतं की तुम्हाला काय हवंय. आणि किटसेनमधला हेशो! ओंजळीत मावेल एवढा कोल्हा आणि सम्राटाचा रुबाब, तो जेव्हा जेव्हा पानावर येतो तेव्हा मी हळू वाचत होते.

स्पेन्साच्या यानातल्या बोलक्या एआयबद्दल, एम-बॉटबद्दल, काहीच लिहिणार नाहीये. ती प्रकरणं तुमची तुम्ही वाचा, आणि शक्यतो घरी वाचा, ट्रेनमधे नको.