तुम्ही विचारलंत म्हणून: हात मंद, चष्मा जाड, तरी डेथ मार्चवर टिकते कशी

"मावशी, तुम्ही विचर डेथ मार्चवर खेळता म्हणे, मग मरत कशा नाही?" हा प्रश्न भाच्याचे मित्र विचारतात, ऑफिसातली नवीन पोरं विचारतात (तिथे मावशीच्या जागी मॅडम, बाकी सूर तोच), आणि सगळ्यांना वाटतं मी एखादं गुपित सांगणार, अमुक तलवार घे, तमुक बटण दाब. दरवेळी चहा संपेपर्यंत अर्धंमुर्धं काहीतरी सांगून होतं आणि सुट्टी संपते. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: द विचर ३, २०१५ च्या मे महिन्यात आलेला, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम. तुम्ही गेराल्ट, पांढऱ्या केसांचा, पाठीवर दोन तलवारी, पैसे घेऊन राक्षस मारून देणारा माणूस. माणसं आणि साध्या जनावरांसाठी पोलादी तलवार, राक्षसांसाठी चांदीची. अवघडपणाच्या चार पातळ्या आहेत, सगळ्यात वरची डेथ मार्च, जिथे सुरुवातीला रानटी कुत्र्यांची टोळीसुद्धा तुम्हाला आडवं करते, आणि खालच्या दोन पातळ्यांवर ध्यानाला बसलं की तब्येत आपोआप भरते ती इथे भरत नाही.

माझे हात काही चपळ नाहीत हे आधी सांगते. भाचा शूटिंगवाल्या गेममध्ये मला डोळ्याचं पातं लवायच्या आत मारतो आणि वर "मावशी, तू हललीच नाहीस" म्हणतो. पण विचरमध्ये हाच भाचा त्याच ग्रिफिनकडून (अर्धा गरुड, अर्धा सिंह असा उडणारा राक्षस) मार खात बसतो आणि मला हाक मारतो. कारण काय, तर गेराल्ट धंदेवाईक माणूस आहे आणि पोरं त्याला गल्लीतल्या गुंडासारखं खेळतात. तो नोटीस बोर्ड वाचतो, पैशावरून घासाघीस करतो, मेलेल्या माणसाच्या जखमा बघतो, पायाचे ठसे बघतो, मग औषधं करतो आणि तलवार सगळ्यात शेवटी काढतो. हे आधीचं सगळं संवाद स्किप करून उडवायचं आणि मग फाइट अनफेअर आहे म्हणून कंट्रोलर आपटायचा, ह्याला काय अर्थ आहे.

तर पहिली गोष्ट, बेस्टियरी वाचा. मेनूत आहे, प्रत्येक राक्षसाचं पान आहे, आणि त्या पानावर खाली सरळ लिहिलेलं असतं की ह्याला कुठलं तेल चालतं, कुठला बॉम्ब, कुठली साइन (म्हणजे गेराल्टची हाताने करायची छोटी जादू). उत्तरं छापून दिलेली आहेत हो, प्रश्नपत्रिकेच्या मागेच! ग्रिफिन असेल तर हायब्रिड ऑइल, ग्रेपशॉट बॉम्ब आणि आर्ड ही धक्का देणारी साइन. वेअरवुल्फ असेल तर मून डस्ट बॉम्ब, कारण तो आपली तब्येत आपणच भरत राहतो, तुम्ही जीव तोडून मारताय आणि त्याची लाल पट्टी परत भरतेय, मून डस्टने ते भरणं थांबतं. व्हॅम्पायर असेल तर ब्लॅक ब्लड नावाचं पोशन, म्हणजे तो तुमचं रक्त प्यायला की त्यालाच त्रास. तेल तलवारीला लावायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यासाठी लोक आळस करतात.

व्हाइट ऑर्चर्ड ह्या पहिल्याच भागात विहिरीजवळच्या भुताचं एक काम मिळतं, तिथे हे सगळं नीट शिकता येतं. ओदोलान नावाच्या माणसाची मुलगी आजारी आहे, चांगलं पाणी फक्त त्या ओसाड पडलेल्या वस्तीतल्या विहिरीचं, आणि तिथे भर दुपारी एक बाई दिसते. नूनरेथ. पोलंडमधल्या लोककथांत ही खरंच आहे, ऐन दुपारी शेतात दिसणारी बाई, पोवुद्निट्सा म्हणतात तिला. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला कोकणातली आजीच आठवली, तीपण म्हणायची बारा वाजता विहिरीकडे फिरकायचं नाही, आणि का विचारलं की फक्त डोळे मोठे करायची. कुठे पोलंड कुठे कोकण, पण दुपारची भीती तीच.

तर ही बाई नुसती तलवारीने मरत नाही. आधी वस्तीत फिरून एक डायरी शोधायची, त्यातून कळतं तिच्यावर काय गुदरलं, विहिरीत लटकलेलं तिचं प्रेत आणि तळाशी पडलेलं तिचं कंकण बाहेर काढायचं, दोन्ही जाळायची, तेव्हा कुठे ती लढायला समोर येते. आणि समोर आली तरी तिला हात लागत नाही, धुरावर काठी मारल्यासारखं होतं, जोपर्यंत तुम्ही यर्डेन टाकत नाही. यर्डेन ही साइन म्हणजे जमिनीवर उमटणारं जांभळं वर्तुळ, त्यात ती आली की तिला शरीर येतं आणि वार लागतो. म्हणजे तिच्या मागे धावायचं नाहीच, वर्तुळ टाकून आत उभं राहायचं आणि तिला येऊ द्यायचं. अर्ध्यात ती स्वतःच्या प्रती सोडते, त्या तुमच्याभोवती गरगर फिरतात आणि तुमचा जीव ओढून तिला देतात, तेव्हा तिला विसरून आधी त्यांना संपवायचं. माझ्या भाच्याने यर्डेन न टाकता तिच्याशी जी मारामारी केली ती बघून मला त्याची दया आली, पट्टी हलतच नव्हती आणि तो आणखी जोरात बटणं दाबत होता.

ज्यांना वाटतं की जोरात बटण दाबलं की जोरात लागतं त्यांना माझा नमस्कार.

दुसरी गोष्ट, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी: हाव. लोक राक्षसाच्या ताकदीने कमी मरतात, एक वार जास्त मारायच्या मोहाने जास्त मरतात. ग्रिफिनचंच घ्या. व्हेसेमिर, म्हणजे गेराल्टचा म्हातारा गुरू, तुम्हाला क्रॉसबो देतो, आमिष लावलं जातं, तो भलामोठा पक्षी येतो. वर उडत घिरट्या घालतो आणि मग झेपावतो, झेप घेताना एक बाण बसला की धाडकन खाली. बाण नेमका बसलाच पाहिजे असंही नाही, क्रॉसबो साधारण त्याच्याकडे आपोआप वळते, वेळ साधली की झालं. आता तो जमिनीवर पडलाय, ही तुमची संधी, धावत जा, बाजूने किंवा मागून दोन-तीन वार, आणि बाहेर. बाहेर म्हणजे बाहेर! इथेच सगळे मरतात, कारण पट्टी उतरताना दिसतेय, आणखी एक मारू, अजून एक, तोपर्यंत तो उठतो आणि चोच किंवा पंजा असा बसतो की लोडिंग स्क्रीन. मी खेळताना चक्क तोंडाने मोजते, एक, दोन, चल. घरातले हसतात, हसू देत.

ह्यात बटणांचाही घोळ आहे. अंग चुकवायचे दोन प्रकार आहेत, डॉज म्हणजे छोटी उडी बाजूला, आणि रोल म्हणजे लांब कोलांटी. नवीन माणूस घाबरून कायम कोलांट्या मारत असतो, मग वाचतो खरा पण इतका लांब जातो की परत येईपर्यंत संधी गेलेली असते. मोठ्या राक्षसाचा झपाट्याने येणारा धक्का असेल तर रोल, बाकी सगळ्याला डॉज. डॉजने तुम्ही त्याच्या कुशीत राहता आणि तो हवेत हात फिरवतो. आणि मागे नाही, बाजूला. मागे सरकलात की तो पुढे येतोच, त्याचे पाय तुमच्यापेक्षा लांब आहेत.

गर्दी असेल तर मात्र लॉक ऑन (एकाच शत्रूवर नजर बांधून ठेवणं) काढून टाका. व्हेलेनच्या दलदलीत ड्राउनर पाच-सहा एकदम निघतात पाण्यातून, एकावर नजर बांधली की दुसरा पाठीवर येतो. त्यांना इग्नी ह्या आगीच्या साइनने पेटवायचं, ते तडफडतात तेवढ्यात एक-एक करून.

क्वेनबद्दल सगळे विचारतात म्हणून. क्वेन ही साइन म्हणजे अंगाभोवतीचं कवच, जोरदार फटक्यात फुटतं पण बराचसा मार स्वतःवर घेतं. लोक म्हणतात क्वेन लावा आणि निश्चिंत व्हा. अर्धं खरं आहे. सुरुवातीला एक साइन वापरली की स्टॅमिना संपूर्ण रिकामा होतो, मग क्वेन लावलंत तर यर्डेन नाही, इग्नी नाही, भरेपर्यंत नुसतं चुकवत बसा. मी लढाई सुरू व्हायच्या आधी क्वेन लावते, समोर जाईपर्यंत स्टॅमिना परत भरलेला असतो, आणि मग जी साइन त्या राक्षसाला लागते ती हातात राहते. जड चिलखताने स्टॅमिना हळू भरतो हेही लक्षात ठेवा, दिसायला झकास असतं म्हणून घालू नका.

आता स्वयंपाकघर. पोशन एकदा केलं की परत सगळी झाडपाल्याची सामग्री गोळा करावी लागत नाही, हे कित्येकांना अर्धा गेम संपला तरी माहीत नसतं आणि ते "पुढे लागेल" म्हणून बाटल्या जपून ठेवतात. सामानात फक्त एखादी कडक दारू ठेवायची, अल्कोहेस्ट वगैरे, आणि ध्यानाला बसायचं. उठलात की पोशन, बॉम्ब सगळं भरलेलं. मग जपताय कोणासाठी? स्वॉलो प्या, थंडरबोल्ट प्या, फक्त टॉक्सिसिटीची पट्टी बघत, कारण एका मर्यादेपलीकडे गेलं की औषधच जीव घ्यायला लागतं. आणि गोरमे नावाची एक साधी स्किल आहे, ती लावली की काहीही खाल्लं तरी वीस मिनिटं तब्येत भरत राहते. एक सफरचंद खाऊन वीस मिनिटं! डेथ मार्चवर सुरुवातीच्या काळात ह्याच्याइतकी उपयोगी वस्तू मला दुसरी सापडली नाही, पण पोरांना आगीच्या आणि गरगर फिरायच्या स्किल आवडतात, खाण्याची कोण घेणार.

स्किल घेतल्यावर ती खणात बसवावी लागते, हे पण सांगून ठेवते. ऑफिसातल्या एकाने भरपूर पॉइंट खर्च केले होते आणि खण निम्मे रिकामे, म्हणजे ती स्किल चालूच नव्हती. शेजारी त्याच रंगाचं म्युटाजेन (राक्षसांकडून मिळणारी, ताकद वाढवणारी वस्तू) ठेवलं तर वेगळा फायदा. तो मेनू एकदा शांतपणे बघा, जेवढा वेळ गेराल्टची दाढी कापण्यात घालवता तेवढा तरी.

पळून जाण्याबद्दल कोणी विचारत नाही पण मी सांगते. राक्षसाच्या नावाशेजारी लाल कवटी दिसली तर तो तुमच्या लेव्हलच्या फार वरचा आहे, तिथे मर्दुमकी दाखवू नका. रोचला शिट्टी मारा आणि सुटा, फक्त घोडी घाबरली की तीच तुम्हाला खाली पाडते म्हणून राक्षस अगदी अंगावर यायच्या आत. बरेचसे राक्षस ठराविक अंतरापर्यंतच पाठलाग करतात, मग कंटाळून आपल्या जागी जातात. काही दिवसांनी चार लेव्हल वर जाऊन या, तो तिथेच उभा असतो बिचारा.

हार्ट्स ऑफ स्टोन हा ह्याच गेमचा जोडभाग २०१५ च्याच ऑक्टोबरात आला, त्यातले दोन जण अजून लोकांना रडवतात. गटारातला टोड प्रिन्स विष ओकतो, त्याला गोल्डन ओरिओल नावाचं पोशन, ते प्यायलं की विष लागत नाही, आणि त्याचं सगळ्यात वरचं सुपीरियर रूप असेल तर उलट तब्येत सुधारते, मग तो जेवढं ओकेल तेवढं बरंच. दुसरा केअरटेकर, बिनचेहऱ्याचा, हातात फावडं. त्याने तुम्हाला मारलं की त्याची तब्येत वाढते. म्हणजे वर जी हाव म्हटली ती इथे थेट हिशोबात येते, तुम्ही लालचेने एक वार जास्त घेतलात, त्याने एक फावडं हाणलं, आणि मघापासून केलेलं सगळं पाण्यात. इथे तर मी दोनपण मोजत नाही, एक वार आणि बाजूला, एक वार आणि बाजूला, कंटाळवाणं दिसतं, भाचा मागून म्हणतो "मावशी किती सेफ खेळतेस". त्याला मी कंट्रोलर देऊन टाकला, खेळ म्हटलं. फावड्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

बाकी लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, म्हणून आधी सेव्ह करा. आणि राक्षस मेल्यावर कड्यावरून उडी मारून खाली यायचं नाही, वाटेने या. व्हॅम्पायरला पुरून उरणारा हा माणूस जरा उंचावरून पडला की मरतो, डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये ते थोडं सुधारलं, पण थोडंच.