उन्हाळ्यात लायपो कुठे ठेवायची, त्याआधी किती भरून ठेवायची

उन्हाळा लागला की लायपोसाठी, म्हणजे ड्रोन आणि आरसी विमानांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीसाठी, आगरोधक पिशवी कोणती घ्यावी याची चौकशी सुरू होते. पिशवीचं नंतर पाहू. पॅक उन्हाळ्यातून धड बाहेर येतो की फुगतो, हे सर्वात आधी त्यात किती व्होल्ट ठेवून तो कपाटात टाकला यावर ठरतं. त्यानंतर ते कपाट किती तापतं यावर. डबा आणि पिशवी तिसऱ्या नंबरावर, कारण त्यांचं काम पहिल्या दोन गोष्टी फसल्यावर सुरू होतं.

पॅकमधला प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्टवर असतो. तो नुसता पडून असला तरी आतली रसायनं थांबत नाहीत. व्होल्टेज जास्त असलं की धन बाजूला इलेक्ट्रोलाइटचं विघटन होत राहतं आणि त्यातून वायू सुटतो. ऋण बाजूच्या ग्राफाइटवर जो संरक्षक थर असतो तो जाड होत जातो, त्यात लिथियम अडकून पडतं आणि इंटर्नल रेझिस्टन्स (करंटला आतून होणारा अडथळा) वाढतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब. म्हणजे २५ ऐवजी ४५ अंशांत पडलेला पॅक जवळपास चौपट वेगाने म्हातारा होतो. लायपोला कडक कवच नसतं, नुसतं अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं पाकीट असतं. म्हणून वायू झाला की पॅक फुगलेला दिसतो.

लायपोत सहसा असतात त्या लिथियम-कोबाल्ट सेलसाठी सर्रास वापरले जाणारे आकडे असे आहेत: २५ अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता साधारण ८० टक्के उरते. ४० अंशांत, पण फक्त ४० टक्के भरून ठेवलेल्या सेलची साधारण ८५ टक्के. गरम खोलीतला अर्धवट भरलेला पॅक थंड खोलीतल्या भरलेल्या पॅकपेक्षा बरा राहतो! आणि ४० अंशांत पूर्ण भरून ठेवलेल्याची उरते साधारण ६५ टक्के. खोलीचं तापमान आपल्या हातात असेलच असं नाही, व्होल्टेज मात्र नेहमी असतं. शिवाय कमी भरलेल्या सेलमध्ये ऊर्जाही कमी असते, त्यामुळे काही बिघडलंच तर आग तेवढी भडकत नाही.

स्टोरेजचं व्होल्टेज म्हणजे सेलमागे ३.८० ते ३.८५. ३एस (तीन सेल सीरिजमध्ये जोडलेला) पॅक ११.४ ते ११.५५ वर, ४एस १५.२ ते १५.४ वर, ६एस २२.८ ते २३.१ वर. पण पॅकच्या एकूण आकड्यावर विसंबू नका. ११.५० दाखवणाऱ्या ३एस पॅकमध्ये ३.९५, ३.९५ आणि ३.६० असे सेल लपलेले असू शकतात. चेकर (व्होल्टेज दाखवणारं छोटं यंत्र) बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलपासून आलेल्या बारीक वायरींच्या जोडाला) लावून एकेक सेल बघायचा. सेलमध्ये ०.०३ व्होल्टच्या वर फरक असेल तर आधी चार्जरवर बॅलन्स करायचं, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणायचे, मग ठेवायचं. मोजमाप उडवून आल्या आल्या घेऊ नका. लोड सुटला की व्होल्टेज वर येतं, म्हणून अर्धा तास थांबून आलेला आकडाच धरायचा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उडवलेला पॅक बहुतेक वेळा स्टोरेजच्या आसपासच असतो, ३.७ ते ३.८ वर येऊन स्थिरावतो. त्याला थोडंच भरायचं असतं, तेही गार झाल्यावर. खरा धोका असतो तो सकाळी हौसेने भरलेल्या, पण वाऱ्यामुळे न उडवलेल्या पॅकना. ‘उद्या जाऊच’ म्हणून ते तसेच राहतात आणि बघता बघता दोन आठवडे निघून जातात. एरवी एक-दोन दिवस भरलेला राहिला तर फारसं बिघडत नाही. पण खोली ३५ अंशांच्या वर जात असेल तर त्याच संध्याकाळी उतरवा.

उतरवायला किती वेळ लागतो ते आधीच कागदावर काढून ठेवा, म्हणजे किती पॅक भरायचे याचा अंदाज येतो. ६एस १३०० एमएएच पॅक ४.२० वरून ३.८५ वर आणायचा तर साधारण निम्मी क्षमता, म्हणजे ६५० एमएएच काढावी लागते. सरासरी २४ व्होल्ट धरले तर ही झाली साडेपंधरा वॉट-तास. बऱ्याच छोट्या चार्जरची डिस्चार्जची ताकद ५ ते १० वॉटच असते. ८ वॉटचा धरला तर एका पॅकला दोन तास, चार पॅकना आठ. म्हणूनच लोक कंटाळून भरलेले पॅक तसेच सोडतात. त्यापेक्षा गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन बल्ब सीरिजमध्ये जोडा. करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास जातो आणि काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं. ३एसला एकच बल्ब पुरतो. ४एसला एक लावला तर तो उडेल, तिथेही दोनच, फक्त मंद जळतील आणि वेळ जास्त लागेल. बल्ब चटका बसेल इतके तापतात, तेव्हा फरशीवर, पॅकपासून हातभर लांब ठेवा. बॅलन्स लीडवर कमी व्होल्टेजला वाजणारा अलार्म ३.८० ला लावून समोर बसून राहा. लोडखाली ३.८० आलं की काढायचं, सुटल्यावर ते ३.८५ च्या जवळ स्थिरावतं. बल्ब आपणहून थांबत नाही. विसरलात तर पॅक शून्यावर जाईल.

आणि काम झालं की तो अलार्मही काढा. बरेचसे अलार्म स्वतःची वीज पहिल्या एक-दोन सेलमधूनच घेतात. महिनाभर लावून ठेवला तर तेवढेच सेल खाली जातात आणि पॅकचा तोल बिघडतो. ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) जोडलेला पॅकही असाच रिकामा होतो, स्विच बंद असला तरी. ३.० व्होल्टच्या खाली गेलेला सेल आतून खराब होतो, नंतर भरला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता जागा. घरातली सगळ्यात गार जागा कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो ज्या कपाटात पॅक ठेवायचे आहेत तिथे दोन दिवस ठेवून बघा. पोटमाळा, पत्र्याखालची शेड, दुपारी ऊन लागणाऱ्या भिंतीला टेकलेलं कपाट, फ्रिजच्या मागची बाजू या जागा पहिल्या फटक्यात बाद. गरम हवा वर चढते, म्हणून त्याच खोलीत वरच्या फळीपेक्षा खालचा कप्पा गार असतो. कमाल आकडा ३० च्या आत राहिला तर उत्तम, ३५ पर्यंत स्टोरेज व्होल्टेजवर निभावतं. जागा निवडताना अजून एक बघा: घराबाहेर पडायच्या वाटेवर, दाराशी किंवा जिन्याखाली ती नको. आग तिथे लागली तर बाहेर पडता येणार नाही.

फ्रिजबद्दल मतं टोकाची आहेत. माझं मत असं की खोली ३५ च्या खाली राहत असेल तर त्या भानगडीत पडू नये. महिनोन्‌महिने पॅक लागणार नसतील आणि खोली रोज ४० गाठत असेल, तर फ्रिजचा फायदा खरा आहे. पण तो फक्त धडधाकट पॅकसाठी. जरासुद्धा फुगलेला किंवा कधी आदळलेला पॅक बंद फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. स्टोरेज व्होल्टेजवर आणलेला पॅक झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि दाराच्या कप्प्यात किंवा भाजीच्या खणात ठेवा. फ्रीजरमध्ये कधीच नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार पॅकवर दमट हवा बसली की कनेक्टरवर आणि बॅलन्स लीडच्या पिनांवर पाणी धरतं. तीन-चार तास बंद पिशवीतच राहू द्या, दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला येऊन वाळेल. आणि गारठलेला पॅक चार्जला लावू नका. थंडीत लिथियम ग्राफाइटमध्ये नीट शिरत नाही, वर धातू म्हणून साचतं, आणि त्यातूनच पुढे आतल्या आत शॉर्ट होतो.

गाडीचं थोडक्यात. उन्हात बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरपेक्षा २० अंशांनी सहज वर जाते, डॅशबोर्ड त्याहून तापतो. दहा मिनिटांचं काम असलं तरी पॅक सोबत घ्या. मैदानावर नेताना थर्मोकोलचा जाड डबा चांगला, पण बर्फाचे पाऊच कापडात गुंडाळून, पॅकला न चिकटवता ठेवा. नुकताच उडवलेला गरम पॅक मात्र त्याच डब्यात टाकू नका, कारण डबा त्याची उष्णता तशीच कोंडून ठेवतो आणि शेजारचे भरलेले पॅक तापवतो. उडवलेले पॅक सावलीत, उघड्यावर, एकमेकांपासून सुटे ठेवायचे. हात लावल्यावर सावलीतल्या इतर वस्तूंइतकेच गार लागेपर्यंत चार्ज नाही. ४५ अंशांच्या वर चार्जिंग कुणीच करू नये. कडक उन्हाळ्यात चार्जरमध्ये शेवटचं व्होल्टेज ४.१५ ठेवलं तर उडायचा वेळ थोडासा कमी होतो, पॅकचं आयुष्य मात्र चांगलंच वाढतं.

आता ती पिशवी. काचतंतूंची पिशवी ज्वाळा पूर्ण अडवत नाही. ती ठिणग्या आवरते आणि आपल्याला थोडा वेळ मिळवून देते, धूर तर सगळा बाहेर येतोच. एका पिशवीत आठ-दहा पॅक कोंबले की एकाची आग सगळ्यांना लागते, म्हणून दोन-तीनच ठेवा. लोखंडी दारूगोळ्याची पेटी वापरत असाल तर झाकणाचं रबरी गॅस्केट काढून टाका, किंवा पेटीला भोकं पाडा. गॅस्केट असलेली हवाबंद पेटी आतल्या वायूच्या दाबाने फुटते आणि मग ती नुसत्या आगीपेक्षा वाईट. पेटीच्या आत विटा किंवा सिमेंटच्या पातळ फरशीचे तुकडे उभे करून कप्पे करा. कनेक्टरवर टोप्या हव्यातच, उघड्या पिना लोखंडाला टेकल्या की काम तमाम. पेटीच्या वर स्मोक अलार्म, आजूबाजूला कागद-पडदे काही नाही. पेटलीच तर धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसं जाळतो, तेव्हा धूर दिसला की माणसं आधी बाहेर काढा.

महिन्यातून एकदा, सगळ्यात उकाड्याच्या दिवसांत दोनदा, प्रत्येक पॅक हातात घ्यायचा. सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्याला बोटाने दाबा. चांगला पॅक चारही कोपऱ्यांवर बसतो, फुगलेला डुगडुगतो. कडेची घडी ताणलेली दिसते, श्रिंकवर (पॅकच्या प्लास्टिक वेष्टनावर) सुरकुती राहत नाही. उडवल्यावर आलेला किंचित फुगवटा गार होताना बसला तर लक्ष ठेवा, गार होऊनही राहिला तर तो कायमचा. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर पाकीट फुटलं आहे, तो पॅक लगेच घराबाहेर, मोकळ्या जागी न्यायचा. इंटर्नल रेझिस्टन्सही लिहून ठेवा, पण दर वेळी साधारण सारख्याच तापमानाला मोजून, कारण गरम पॅकचा आकडा कमीच येतो आणि फसवतो. नवा असतानाच्या दुप्पट झाला की पॅक निवृत्त.

निवृत्त पॅक मिठाच्या पाण्यात टाकायचा सल्ला अजून फिरतो. तो चुकीचा आहे. पाण्यात आधी कनेक्टर आणि पत्र्याची टोकं गंजून तुटतात, आणि सेल आतून भरलेलाच राहतो. त्याऐवजी तोच बल्ब घ्या, उघड्यावर, फरशीवर जोडा आणि विझला तरी एक दिवस तसाच राहू द्या. व्होल्टेज शून्याजवळ आलं की कनेक्टर कापून दोन्ही वायरी एकत्र पिळा, टेप लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. फुटलेल्या किंवा फार फुगलेल्या पॅकला मात्र बल्बही लावू नका. तो कोरड्या वाळूच्या बादलीत, घराबाहेर सावलीत ठेवा आणि तसाच त्या केंद्रात पोचवा.