तीन स्क्रीन

आज अखेर टेबलावर तीन मॉनिटर शेजारी शेजारी उभे राहिले. दोन महिने पैसे साठवत होतो. सगळे ग्राफिक्स कार्डावरच, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागावरच, घालायचे हे नक्की होतं, कारण तीन फुल एचडी स्क्रीन म्हणजे ५७६० बाय १०८०, जवळपास ६२ लाख पिक्सेल. जुन्या ४ जीबीच्या कार्डाला ते झेपणारं नव्हतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आठ-दहा दुकानं पालथी घालून वापरलेलं आरएक्स ६६०० कार्ड घेतलं. ८ जीबी मेमरी आणि वीज खातं १३२ वॅट, म्हणून जुना पॉवर सप्लाय तसाच चालला. दुकानदारकाकांनी अर्धा तास गेम चालवून दाखवला, मगच पैसे घेतले. किती बरं वाटलं!

बाजूचे दोन मॉनिटर ताईच्या ऑफिसने काढून टाकलेले. त्यातल्या एकाला फक्त व्हीजीए, म्हणजे केबल जोडायचं जुन्या पद्धतीचं पोर्ट, आणि या कार्डावर ते पोर्टच नाही. नुसत्या केबलने भागत नाही, कन्व्हर्टर लागतो. तेवढ्यासाठी पुन्हा स्टेशनपर्यंत चालत गेलो.

रात्री असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा गेम लावला. वळणावर मान वळवली, तर शेजारची गाडी खरंच खिडकीतून दिसली. अंगावर काटा आला.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सरक, मलाही चालवू दे."