तेलाच्या दाबाचा अर्धा आकडा

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या ज्या गॅरेजमध्ये मी गाड्यांचे वायरिंग आणि मीटर यांचे काम करतो, तिथे जुन्या गाड्या अधिक येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे 1988 सालची फोक्सवागन गोल्फ जीटीआय आली होती. दुसऱ्या पिढीतली, सोळा व्हॉल्व्हची, 1781 सीसीच्या इंजिनातून 139 अश्वशक्ती देणारी ही गाडी मालकांनी जिवापाड जपलेली होती. या गाडीत तेलाच्या दाबासाठी कारखान्याने दिलेला काटा नसतो, फक्त धोक्याचा दिवा आणि बझर असतो. मालकांना दाब, तेलाचे तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे तीन मीटर हवे होते. पण नवे नकोत, त्याच काळातले हवेत. त्याला कारण होते. जर्मनीत किमान तीस वर्षे जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते आणि तपासणीत गाडीवरचे बदल तिच्या काळाला शोभणारे आहेत का, हे पाहिले जाते. म्हणून त्यांनी भंगारात निघालेल्या एका आउडीच्या कन्सोलमधून काढलेले, व्हीडीओ बनावटीचे तीन मीटर आणले होते.

जुना मीटर थेट गाडीत बसवायचा नाही, ही सवय मला पुण्यात नाना पेठेतल्या गॅरेजात लागली. जुन्या बाजारातून आणलेला प्रत्येक मीटर आमचे वस्ताद आधी टेबलावर बॅटरी लावून तपासायला सांगत. इथेही मी तेच केले. दाबाच्या मीटरला सेंडरच्या, म्हणजे इंजिनावर बसून दाबाप्रमाणे आपला रोध बदलणाऱ्या आणि त्यातून मीटरला दाब कळवणाऱ्या डबीच्या, जागी ठरावीक ओहमचे रेझिस्टर जोडले. 10 ओहमला काटा शून्यावर आला, 82 ओहमला 2 बारवर (बार हे दाबाचे एकक) थांबला आणि 184 ओहमला 5 बारच्या शेवटच्या रेघेवर गेला. पस्तीसेक वर्षांचा मीटर इतका नेमका चालतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

आउडीसोबत आलेल्या सेंडरचे टर्मिनल मात्र तुटलेले होते. मालकांनी तसाच दिसणारा, त्याच आट्यांचा दुसरा जुना सेंडर मिळवून आणला. तो मी पुसला, त्याचे आटे पाहिले आणि ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर टी-जोड लावून तेलाच्या दाबाच्या मूळ स्विचच्या शेजारी बसवला. मीटर तपासले होते, सेंडर तपासला नव्हता. चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

गाडी सुरू केली, तेल 80 अंशांपर्यंत तापू दिले आणि इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर धरले. काटा 1.6 बारवर थांबला. या इंजिनासाठी त्या तापमानाला आणि त्या फेऱ्यांना किमान 2 बार दाब हवा, असे सर्व्हिस मॅन्युअल सांगते. फेऱ्या आयडलवर आणल्या, तर काटा अर्ध्या बारच्या आसपास लोळू लागला. मालक शेजारच्या सीटवर बसले होते. त्यांनी बराच वेळ काट्याकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, “म्हणजे बेअरिंग गेली का?” आमचे इंजिनचे मिस्त्री गाडी लिफ्टवर घेऊन, बेअरिंग पाहायला इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवायच्या तयारीला लागले. दाब खरोखरच इतका कमी असता, तर त्यांचा निर्णय बरोबरच होता.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. या गाडीत तेलाच्या दाबाचे दोन स्विच असतात. सिलिंडर हेडवरचा 0.3 बारचा आणि फिल्टर हाउसिंगवरचा 1.8 बारचा. इंजिन साधारण 2000 फेऱ्यांच्या वर असताना दाब 1.8 बारच्या खाली असला, तर बझर वाजायलाच हवा. काटा 1.6 दाखवत होता, मी फेऱ्या 2300 पर्यंत नेल्या तरी काटा 1.8 च्या पुढे गेला नाही, आणि बझर गप्प होता. दोघांपैकी एक खोटे सांगत होता. मी 1.8 बारच्या स्विचची वायर काढली, तिचे टोक टेपने गुंडाळले आणि पुन्हा फेऱ्या वाढवल्या. बझर लगेच वाजला. हा स्विच पुरेसा दाब आल्यावरच सर्किट जोडतो, त्यामुळे वायर निघाली की यंत्रणा दाब नाही असे समजते. म्हणजे बझर शाबूत होता आणि स्विचला पुरेसा दाब मिळत होता.

मी अर्धा दिवस मागून घेतला. 1.8 बारचा स्विच काढून त्या जागी गॅरेजचा यांत्रिक गेज लावला, ज्यात वीज नाही, सेंडर नाही, तेल थेट नळीतून गेजपर्यंत येते. तेल पुन्हा तापवले, 2000 फेऱ्या धरल्या. यांत्रिक गेज 3.2 बार दाखवत होता आणि डॅशबोर्डवरचा काटा 1.6. बरोबर निम्मा. आकडा इतका नेमका निम्मा दिसल्यावर मला पुढे फारसे शोधायचे उरले नाही.

सेंडर उतरवला, डब्यावरचा चिकट थर पेट्रोलने धुतला, तेव्हा दिव्याच्या प्रकाशात नव्हे तर खिडकीजवळ तिरका धरल्यावर ठशातले ‘10 बार’ हे शब्द वाचता आले. व्हीडीओचे 5 बारचे आणि 10 बारचे सेंडर बाहेरून सारखेच दिसतात आणि दोघांचा रोधही साधारण 10 पासून 184 ओहमपर्यंतच जातो. फरक एवढाच की पहिला 184 ओहमला 5 बारवर पोहोचतो, तर दुसरा 10 बारवर. त्यामुळे 3.2 बार दाबाला आमच्या सेंडरने जेमतेम 68 ओहम दिले आणि 5 बारच्या मीटरने त्याचा अर्थ प्रामाणिकपणे 1.6 असा लावला. दोन्ही वस्तू निर्दोष होत्या, फक्त एकमेकींच्या नव्हत्या.

ही चूक तरी मालकाला घाबरवणारी होती, म्हणून ती पकडली गेली. मला खरी भीती उलट्या चुकीची वाटते. हा सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थिंग घेतो. गळती नको म्हणून कोणी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि अर्थिंग कच्चे राहिले, तर तो जादा रोध मीटर दाब म्हणून मोजतो आणि काटा वर जातो. तापमानाच्या सेंडरचा रोध तेल तापेल तसा कमी होतो, त्यामुळे तिथे तोच दोष तेल थंड असल्याचे दाखवतो. म्हणजे कच्च्या अर्थिंगमुळे दाब चांगला आणि तेल थंड, असे दोन दिलासे एकदम मिळतात आणि चालक जोरात गाडी हाकत राहतो. त्यामुळे मी अशा कामात टेप वापरत नाही आणि सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा रोध मोजल्याशिवाय कन्सोल बंद करत नाही.

5 बारचा सेंडर दोन दिवसांनी आला. या वेळी तो आधी हातपंपाला लावून 1, 2, 3 आणि 4 बारला मल्टिमीटरने तपासला, मगच इंजिनावर चढवला. गरम तेलावर 2000 फेऱ्यांना काटा 3.2 च्या किंचित खाली थांबला, आयडलला 1 बारच्या जरा वर. चेंबरचा एकही बोल्ट उघडावा लागला नाही.

गाडी न्यायला मालक सकाळी आले, तेव्हा इंजिन थंड होते. चालू करताच काटा 5 च्या रेघेवर जाऊन टेकला आणि ते पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. थंड, घट्ट तेलाचा दाब 5 बारच्या वरही जातो आणि हा मीटर त्यापुढे दाखवू शकत नाही, हे मी त्यांना समजावले. मग आम्ही दोघे गाडीत बसून राहिलो आणि तेल तापेल तसा काटा रेघेवरून सुटून खाली येताना पाहिला. निघण्यापूर्वी मी कन्सोलच्या मागच्या बाजूला, पुढे कधी हात घालणाऱ्या मिस्त्रीला दिसेल अशा जागी, सेंडर 5 बारचा असल्याची चिठ्ठी चिकटवली आणि त्याखाली तारीख लिहिली.