रॅम घेताय? आधी बोर्ड बघा
आजचा अख्खा दिवस रॅममध्येच गेला, म्हणून लिहितोय. एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठीच्या बी६५० मदरबोर्डला डीडीआर५ प्रकारचीच रॅम लागते. आधीच्या पिढीच्या डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावलात तर स्लॉट गेला. ३२ जीबी हवी तर १६-१६ची जोडी एकाच पाकिटातली घ्या. चार स्टिक भरल्या की रायझन ७००० प्रोसेसरवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंदवरून (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) थेट ३६००वर येतो, त्यामुळे ‘पुढे अजून दोन टाकू’ हा हिशेब इथे फसतो. दोनच असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतं ते) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. मग बायॉसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, ऑन करा, नाहीतर ६०००ची रॅम बहुतेक वेळा ४८००वरच रांगते. आणि हो, एअर कूलर मोठा असेल तर आरजीबीवाल्या (रंगीत दिव्यांच्या) स्टिकची उंची आधी मोजा. पंख्याला अडतात.